अक्काने निवडलेला बोर्ड

कोणतीही वस्तू हातात आली की अक्का आधी ती तळहातावर ठेवायची, डोळे मिटायची आणि झोका दिल्यासारखी वरखाली तोलायची. मग निकाल. हलकी भरली तर मान डोलायची. जड भरली तर तोंड वाकडं करून म्हणायची, "जड शे. बिया शेतस."

भरताची वांगी घेणाऱ्यांना हे सांगायला नको. दिसायला मोठं आणि हाताला हलकं, तेच वांगं घ्यायचं. जड वांग्यात बियाच फार. अक्काने जन्मभर वांगी विकली, आधी बोदवडच्या बाजारात आणि नंतर आमच्या पिंप्राळ्यात. त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंना तिने हाच नियम लावला. कुलूप घेतलं तेही हलकं. एकदा टरबूज हलकं म्हणून आणलं, तर आतून पार पोकळ निघालं. तरी म्हणाली, "बिया तं नहीत ना?" सून बघायला गेली तेव्हा काय तोललं, ते मी विचारलं नाही.

मी तिच्या शेजारचा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये राबलेला माणूस, तिसरीपर्यंत शिकलेला. ती शाळेची पायरीही न चढलेली. म्हणजे आमच्या दोघांत शिकलेला मीच. पण हे तिला कधी पटलं नाही.

गुडघे गेले तेव्हा अक्काने बाजार सोडला आणि घरी घरघंटी घेतली. गल्लीतलं कळण्याच्या भाकरीचं पीठ तीच दळायची. ज्वारीत उडीद किती, मीठ किती, हे तिला सांगावं लागत नव्हतं. बाया दळण घेऊन यायच्या आणि तासभर बसायच्या. पीठ कमी, गल्लीची खबर जास्त.

मग एक दिवस विजेचा असा झटका आला की घरघंटीची मोटर जळाली. घरभर धूर. धुळ्याहून तिचा मुलगा धावत आला. गुणी पोरगा आहे, त्याला नावं ठेवणार नाही. त्याने मोटर भरून आणून दिली, पण जाताना माझ्यासमोर बजावलं, "माय, हे मशीन पुन्हा जळालं तर मी ऐकणार नाही. सरळ धुळ्याला न्यायला येईन. तू इथे एकटी, आग लागली तर कोण बघेल?"

"हे भाऊ शेतस ना."

"आबांना ऐकायला कमी येतं, माय."

मला ऐकायला मुळीच कमी येत नाही. लोक हळू बोलतात.

तो गेल्यावर अक्का ओट्यावर बसून राहिली. म्हणाली, "भाऊ, तठे मी कोनले वळखस? मना दळनले तठे कोन ई?" धुळ्याला तिच्याकडे दळणाला कोण येणार? मी म्हटलं, "चल. झटका अडवायचं यंत्र मिळतं दुकानात."

रिक्षाने गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन-चार बोर्ड मांडले. एक उचलून म्हणाला, "आजी, हा स्पाइक गार्ड. बाहेरून झटका आला तर आतला भाग तो स्वतःवर घेतो. मशीन वाचतं. घरघंटीला हा सोळा अँपिअरचाच लागेल. आणि घरची अर्थिंग बघून घ्या."

अक्काने गार्ड तळहातावर घेतला. डोळे मिटले. तोलला.

"जड शे."

"आजी, आत माल आहे म्हणून जड आहे."

"माले नको सांगू. बिया शेतस."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "अक्का, हे वांगं नाही. इथे जड तेच चांगलं."

"तू कधी वांगा इक्यात का, भाऊ?"

तिने कोपऱ्यातला एक बोर्ड तोलला. पिसासारखा. दुकानदार ओरडला, "आजी, तो साधा बोर्ड आहे. झटका नाही अडवत!" अक्काने तोच पिशवीत टाकला. मलाही राग आला. तिथला सगळ्यात जड गार्ड मी माझ्या टीव्हीसाठी घेतला.

पुढे उन्हाळ्यात भरदुपारी वावधान सुटलं. पत्रे उडाले, तारांवर तारा आपटल्या, फट् आवाज झाला आणि गल्लीतले पंखे एकदम पिसाळल्यासारखे फिरून बंद पडले. कोणाचा फ्रिज गेला, कोणाचा मिक्सर. माझा टीव्ही गेला. होय, जड गार्ड असताना गेला. वायरमन म्हणाला, झटका डिशच्या वायरीतून आत आला, तिला गार्ड कुठे होता? म्हणजे गार्डची चूक नव्हती. मी हे अक्काला फार समजावून सांगितलं. ती नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी खबर ऐकून मुलगा गाडी घेऊनच आला. अक्काच्या दारात अर्धी गल्ली जमली. तो पायरीवरूनच म्हणाला, "माय, कपडे भर."

"आधी घरघंटी लाव."

"माय..."

"लाव म्हनस ना!"

त्याने पिन खोचली आणि खटका दाबला. घरघंटी घरघरली आणि दाणा ओढायला लागली. बायांनी टाळ्या पिटल्या.

मुलाने बोर्ड उलटा करून पाहिला. "माय, हा तर साधा बोर्ड. ह्याच्यात काहीच नाही!"

"तेच तं," अक्का माझ्याकडे बघत म्हणाली. "बिया नहीत."

खरं काय ते मी सांगतो. आदल्या दिवशी झटका आला तेव्हा पिन भिंतीत नव्हतीच. दळण संपलं की अक्का पिन उपटून, वायर गुंडाळून मशीनवर फडकं टाकायची. "माल उघडा टाकीसन जाऊ नही," ही तिची बाजारातली सवय. हे मी सगळ्यांसमोर बोललो. कोणी ऐकलं नाही.

मुलाने कपड्यांचा विषय पुन्हा काढला नाही. दुकानात जाऊन सोळा अँपिअरचा गार्ड आणला. अक्काने तोलला. तोंड वाकडं व्हायला लागलं होतं, पण मुलगा स्क्रू हातात धरून उभा होता. त्याच्या कपाळावर घाम. अक्का म्हणाली, "लाव. पोऱ्यानी आनेल शे." आणि जाताना त्याच्या गाडीत पिठाचा डबा ठेवला.

अक्का धुळ्याला गेली नाही. काही वर्षांनी गेली ती तिच्याच घरातून, सकाळी, चहा पिऊन. मुलगा आला, सगळं रीतसर केलं आणि घराला कुलूप लावलं.

तिची घरघंटी दुपारी बातम्यांच्या वेळेला सुरू व्हायची. काही ऐकू यायचं नाही म्हणून मी नव्या टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायचो. आता दुपारी गल्ली चिडीचूप असते. बायको म्हणते, "आता तरी कमी करा तो आवाज."

मी करत नाही.