दिव्याचं तेल

भिवराबाईबद्दल कुणी तरी लिहायला हवं होतं. लिहिणारे पुष्कळ होते, पण त्या दिवसांत बीडच्या मोंढ्यात त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. मी होतो. म्हणून जमेल तसं लिहितो.

राज्य निजामाचं होतं. जर्मनीची लढाई संपून दोन वर्षं झाली होती. नेकनूरचा सटवा मोंढ्यातल्या एका अडतीवर हमाली करायचा आणि तिथंच मी पोत्यांवर खुणा मारायचो. गोदामात कापूस असे, त्यामुळे तिथं राहणाऱ्या हमालांना चूल पेटवायची मनाई होती. मग तिन्ही वेळ त्रिंबकशेठच्या दुकानातली भजी आणि शिळी भाकरी. मीही तेच खायचो. ओझं पेलायला तेलकट लागतं, असं आम्ही एकमेकांना सांगत असू.

पावसाळा सरता सरता सटवाचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा. मग दम लागू लागला. आणखी तिघांचं तसंच झालं, त्यातला एक दगावला. देवीचा कोप झाला, असं आम्ही ठरवलं. कडाकण्या तळून देवीला दाखवल्या आणि प्रसाद म्हणून आजाऱ्यांनाच खाऊ घातल्या. तेल त्रिंबकशेठकडचंच होतं. सटवाची सूज मांड्यांपर्यंत चढली.

निरोप मिळताच त्याची बायको भिवराबाई चालत आली. उशाशी उरलेली कडाकणी तिनं मोडली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"कशात तळली ही?"

"करडईच्या तेलात," मी म्हणालो. "त्रिंबकशेठकडून आणलं."

"ह्यात पिवळ्या धोतऱ्याचं तेल हाय. आमी ते दिव्यात घालतो, बैलाच्या खरजेला चोळतो. तुमी माणसाला चारता व्हय, मुन्शीबाबा?"

 नेकनूरला बाई आपली करडई घेऊन तेल्याकडं जाते आणि तेल हातात पडेपर्यंत घाण्यापासून उठत नाही. आम्ही मोंढ्यातल्या लोकांनी तेल कुठून येतं, हे कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्रिंबकशेठच्या दुकानासमोरच तीन दगड मांडले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. आधी सटवाला वाढलं, मग हमालांना हाका मारल्या. त्रिंबकशेठनं जमादाराला बोलावलं.

"ए बाई, ऊठ. इजाजत कुणाची?"

"माणसं मारायची इजाजत ह्याला कुणी दिली, ते आधी सांगा."

"हिला काय कळतंय तेलातलं?" त्रिंबकशेठ म्हणाला. "अडाणी बाई!"

"मग खा की एक भजं. सगळ्यांसमोर."

"खा बे शेठ!" मागून एक हमाल ओरडला.

"आज एकादस हाय माझी."

"परवाच झाली की एकादस! लई धार्मिक झालास!"

सगळे हसले. जमादार हसला नाही. तोही रोज त्याच दुकानात फुकट भजी खायचा. त्यानं आपल्या बुटांकडं पाहिलं. आठ दिवस तो नाड्या न बांधताच फिरत होता. "शामपर्यंत ऊठ," एवढं पुटपुटून तो निघून गेला.

भिवराबाई उठली नाही. त्रिंबकशेठच्या माणसांनी दोनदा तिची चूल लाथाडली. दोन्ही वेळा तिनं दगड पुन्हा मांडले.

महिनाभरात सटवाची सूज उतरली, पण ओझं उचलण्याची ताकद परत आली नाही. तो बायकोजवळ बसून सरपण मोडून द्यायचा. तिसऱ्यांदा चूल मोडली, तेव्हा तोच भिंतीला धरून उभा राहिला.

"चूल पेटल्याबिगर पोतं हलणार न्हाई," तो धापा टाकत म्हणाला.

हमालांनी खांद्यावरची पोती जागेवरच टाकली. दारात गाड्या अडल्या. अडतदार आरडाओरडा करू लागला. मलाही शिव्या घातल्या, कारण मी खुणेचा कुंचला खाली ठेवला होता.

शेवटी तो भिवराबाईपुढं येऊन म्हणाला, "कशापायी आडून बसलीस? किती वेळ लावशील?"

"भाकऱ्या होऊस्तोवर," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली.