देवापुढच्या दोन चिठ्ठ्या

मंडळींनो, आज सकाळी आंघोळ करून मी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या गावात अडलं की असाच कौल घेतात.

मंदीमुळे शिकागोच्या आमच्या कारखान्यात माझ्या हाताखालचं एक माणूस कमी करायचं होतं: यानेक किंवा मार्ता. यानेक पोलिश, स्वतःच्या घरात राहणारा. पोलंडात लष्करी कायदा आला तेव्हा त्याचा भाऊ इकडे आला, तर त्यांच्या चर्चने आठवड्यात त्याला खोली आणि काम मिळवून दिलं. मार्ता कोलंबियाची. दोन मुलींना घेऊन तळघरात भाड्याने राहते.

आंघोळीआधी चहा घेताना माझी मुलगी म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. यानेक मॅनेज करेल."

"यानेकला काढलं तर त्याचे पन्नास लोक ऑफिसात येऊन उभे राहतील. मार्तासाठी कोण येणार?"

"म्हणून तिला काढणार? वा, बाबा."

"मी नाही, देव ठरवेल."

चिठ्ठी मार्ताची निघाली.

दुपारी तिला सांगितलं. "माझं काय चुकलं, सर?"

"काही नाही. देवाची इच्छा."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "मग तुम्ही तरी काय करणार," म्हणाली आणि गेली.

मंडळींनो, तुम्ही कोणाला काढलं असतं?

दुसरी चिठ्ठी मी न उघडताच निरांजनावर जाळली. तिच्यावरही मी मार्ताचंच नाव लिहिलं होतं.