सालोमीमावशी आणि अस्वलाची खरूज

बोळिंजकडच्या आमच्या वाडीत देवापेक्षा सालोमीमावशीचा धाक जास्त. घरची भातशेती सांभाळून ती चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष झाली होती. कोणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की तिथंच तिचं प्रवचन सुरू. फादरांचं प्रवचन निदान वेळेवर संपायचं.

शहात्तर सालच्या थंडीत एक दरवेशी अस्वल घेऊन आला. जंगलातून धरून आणलेल्या त्या बिचाऱ्याला खरूज झाली होती. पाठीवर चट्टे पडलेले, दिसेल त्या माडाला अंग घासायचं. हात लावला की केस सुटून यायचे. दरवेशी बेरकी. म्हणाला, "देखो, अपने आप बाल देता है. बहुत पाक जानवर है."

अस्वलाच्या केसांचा ताईत बांधला की मूल झोपेत दचकत नाही, हे आमच्याकडे हिंदू काय, ख्रिस्ती काय, सगळ्याच आया मानत. सुपात तांदूळ घेऊन बायका मागच्या दाराने धावल्या. आमची आईसुद्धा. दुसऱ्याच दिवशी मावशी घरोघर फिरली. "ताईतच बांधायचे होते, तर पोरांना बाप्तिस्मा कशाला दिला?"

पुढे काही दिवसांत वाडी खाजवू लागली. अस्वलाच्या केसांतून आलेले खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नव्हते, पण चुगलखोर होते. ज्या घरात ताईत, त्या घरात खाज. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला कोण पाठ खाजवतंय ते बघून मावशी नावं ठेवायची. दवाखान्यातल्या सिस्टर इझाबेल गंधकाचं मलम देत, आणि त्याचा वास लपवता येत नसे. अस्वलाला मात्र कोणी मलम लावलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मग एका संध्याकाळी रोझरी सांगताना मावशीच गळ्याखाली कराकरा खाजवताना दिसली. "घामोळं," ती म्हणाली. थंडीत घामोळं!

तिची नात फ्लॉसी तीन वर्षांची. आई वारल्यापासून झोपेत किंचाळायची. मावशीने अस्वलाचे केस गुपचूप मिळवून आपल्याच पोलक्यात शिवले होते आणि पोरीला छातीशी घेऊन ती झोपायची. खाज तिने दात आवळून सोसली. पण एके सकाळी फ्लॉसीची मान खाजवून रक्ताळलेली दिसली. मलम आणायचं तर भर दिवसा सगळ्यांसमोर दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं, आणि मग अध्यक्षपद कसलं नि धाक कसला.

मावशी फ्लॉसीला कडेवर घेऊन सरळ रांगेत आली. आमची आई टपूनच होती. "सालोमी, वाट चुकलीस का?"

"नाय. मीपन तुमच्यातलीच," मावशी म्हणाली.

त्यावर रांग पोट धरून हसली. मावशी नजर न वळवता पुढे सरकत राहिली.

सिस्टरनी फ्लॉसीची मान पाहिली आणि बजावलं, "तो ताईत आधी चुलीत टाका."

मावशी जागची हलली नाही. "सिस्टर, आई गेल्यापासून पोर आता कुठं झोपते. उकळत्या पान्यात घालून परत शिवला तर नाय चालनार?"

मागच्या बायकांचं हसणं थांबलं, खाजवणंही. सिस्टर काय म्हणतात, ते प्रत्येकीला ऐकायचं होतं.