श्रद्धांजलीखाली झाकलेला मळा

मेळाव्याच्या अर्जात एक रकाना होता : ‘आपण का येत आहात?’ नाव, गाव, फोन हे मी पटकन भरलं आणि या रकान्यापाशी थांबले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली बाई. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात माझं काय काम? खरं कारण लिहायची लाज वाटली, म्हणून ‘शिकण्यासाठी’ असं लिहिलं. ग्रंथालयात नाव नोंदवणारी मुलंही हेच लिहितात आणि मग पंख्याखाली डुलक्या काढतात.

खरं कारण माझा धाकटा भाऊ होता. मंगरूळपीरच्या बाहेर त्याचा भाजीचा मळा. वैशाखात तो गेला. मळ्याची एक वेबसाइट त्यानं स्वतःच केली होती. वेबसाइट म्हणजे एकच लांबलचक पान : नवीन वर, जुनं खाली. आज काय तोडलं, कुठल्या वाफ्यात काय पेरलं, किती दिवसांनी उगवलं, कशाला कीड लागली. मी म्हणायचे, “अरे, वेगवेगळी पानं कर.” त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर : “ताई, तुह्या लायब्ररीत कपाटं आहेत. माह्या मळ्यात एकच धुरा आहे.” धुरा म्हणजे बांध. वही तो ठेवत नसे. वही पाण्याच्या दांडात पडते, फोन खिशात राहतो, असं त्याचं म्हणणं. खानावळवाले, बाजारातल्या भाजीवाल्या आणि कुठले कुठले अनोळखी बागाईतदार ते पान वाचत.

आमच्याकडे माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतो. नाही लागला तर लोक घरच्यांना बोल लावतात. त्याचाही लागला. मला वाटलं, वेबसाइट हाही त्याचा चौकच. पासवर्ड बियाण्याच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहिलेला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी ते पान उघडलं, सगळा मजकूर निवडून पुसला आणि त्या जागी त्याचा फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल : समस्त परिवार व मित्रमंडळ’ असं टाकून निळं बटण दाबलं. त्या दिवशी मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट, भावासाठी काहीतरी नेटकं केलं असं वाटलं.

पावसाळ्यात बाजारातल्या बाया विचारू लागल्या, “मळा बंद केला म्हने तुमी?” मळा बंद नव्हता. भावजय एकटीनं तो करत होती. दसरा झाला तशी ती म्हणाली, “ताई, मेथी-सांबार टाकाचा आहे. यायनं मांगच्या वर्सी कवा टाकला होता, कोन्त्या वाफ्यात काय साधलं, ते त्या पानावर पाहून सांगा बरं.” सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

मी फोन उघडला. भाऊ फोटोतून हसत होता. त्याच्याखाली समस्त परिवार व मित्रमंडळ, आणि त्याखाली काहीच नाही.

चार दिवस मी “बघते, बघते” म्हणत राहिले. पाचव्या दिवशी सांगितलं. ती वांग्यात निंदत होती.

“म्हंजे सारंच पुसलं?”

“हो.”

“बोर्ड लावासाठी?”

“हो.”

ती खुरपं चालवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “फोटो तरी चांगला लावला का? तो आधार कार्डावरचा नोका ठेवू. त्यात ते उसनवारीनं हसल्यासारखे दिसतात.”

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

कॉलेजात संगणक शिकवणारे सर म्हणाले, “गेलं ते गेलं, मॅडम.” पण त्यांनीच दोन दिवसांनी या मेळाव्याची सूचना पाठवली. वाशीमला, रविवारी, कोणीही यावं. निघताना भावजयीनं भरताच्या वांग्यांची पिशवी हातात दिली. मी म्हटलं, “अगं, तो काही पाहुणचार नाही.” ती म्हणाली, “लोकायच्या दारी काम घेऊन चालल्या, अन् खाली हातानं?”

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. तुळशीचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे लग्नं नव्हती आणि सभागृह मोकळं होतं. खुर्च्यांना मागे गुलाबी फिती बांधलेल्या, आणि स्टेजवरच्या राजा-राणीच्या कोचावर दोन वक्ते अवघडून बसलेले. दारातल्या मुलीनं मला गळ्यात घालायचं कार्ड आणि कापडी पिशवी दिली. मी तिला वांग्यांची पिशवी दिली. ती एकदा वांग्यांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ती नेऊन ‘मदतीचं टेबल’ असं लिहिलेल्या टेबलावर ठेवली. दिवसभर लॅपटॉपांच्या मधोमध ती वांगी एखाद्या मूर्तीसारखी बसली होती.

सुरुवातीला सगळ्यांनी आपण का आलो ते सांगायचं होतं. मालेगावकडचा एक जण उठला. “गावात मी काय करतो, कोनालेच समजत नाही. बायको म्हनते, दिवसभर फोन पाह्यत राह्यतो. अथी आलं का वाटते, आपन एकलेच येडे नाही.” टाळ्या पडल्या. एक निवृत्त तलाठी म्हणाले, “मी मागच्या मेळाव्यालेही आलो होतो. जेवन चांगलं होतं.” त्यांना जास्त टाळ्या पडल्या. एका मुलीला तिची कामं वाटून घेणारं माणूस हवं होतं, आणि तिच्या मागच्याच रांगेतून एक हात वर झाला. माझी पाळी आली तेव्हा मी ‘शिकण्यासाठी’ म्हणणार होते. पण त्या मालेगावकराच्या बोलण्यानं मला धीर आला होता. मी म्हटलं, “मी माझ्या भावाचं लिखाण पुसलंय. ते परत मिळतं का, हे विचारायला आले.”

टाळ्या पडल्या नाहीत. पण जेवणाआधीच एक बाई माझी खुर्ची शोधत आल्या. शेलूबाजारच्या होत्या; शिवणकाम सांभाळून फोटोग्राफर आणि मंडपवाल्यांच्या वेबसाइट बनवून देत. “चाला, त्या वांग्यायच्या टेबलावर बसू.”

त्यांनी माझ्या भावाचं पान उघडलं आणि खुदकन हसल्या. लगेच तोंडावर हात ठेवला. “माफ करजा, ताई. पन तुमी तं वेबसाइटवर फ्लेक्स लावला न वो!”

“हो.”

“चौकातला फ्लेक्स काढला का मांगची भिंत राहते का नाही?”

“राहते.”

“मंग!”

त्यांनी पासवर्ड माझ्याकडून टाकून घेतला, स्वतः बघितला नाही. पान दुरुस्त करायच्या जागी गेल्या आणि बाजूच्या एका लहानशा ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मी दहा वेळा पाहिली होती. तिच्यात एक आकडा होता. मला तो वाचकांचा वाटला होता. तो जुन्या आवृत्त्यांचा होता. भावानं जितक्यांदा ते पान जपून ठेवलं, तितक्यांदा त्याची एक प्रत मागे राहिली होती. बाईंनी ती ओळ दाबली आणि वर आलेली पट्टी डावीकडे एक घर सरकवली. फोटो गेला, समस्त परिवार गेला, आणि वांगी, चवळी, मेथी, सांबार, सगळा मळा वरपासून खालपर्यंत उघडला.

मी चष्मा काढून पुसला. बाई तेवढा वेळ पिशवीतली वांगी निरखत राहिल्या. मग म्हणाल्या, “परत आनाचं बटन तुमीच दाबा. पुसलंही तुमीच न.”

मी दाबलं. त्या जेवायला गेल्या. मी मात्र पट्टी मागे मागे सरकवत बसले. ग्रंथालयात इतकी वर्षं काढली, पण एकाच माणसाच्या एकाच मजकुराच्या इतक्या प्रती मी कधी पाहिल्या नव्हत्या. आणि त्यातच ती सापडली, मागच्या वर्षीच्या मेथीच्या नोंदीची आधीची प्रत. बुंदी संपेपर्यंत मी जेवायला उठले नाही. निवृत्त तलाठ्यांनी माझ्यासाठी एक द्रोण बाजूला काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेले. भावजयीला आधी तारखा वाचून दाखवल्या, मग वाफे. तिनं बोटांवर दिवस मोजले. “अजून टाईम आहे,” म्हणाली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला.

“अजून एक आहे,” मी म्हटलं. “विहिरीजवळच्या वाफ्यात मेथी टाका, असं तू म्हणत होतीस ना?”

“दोन वर्सं भांडली मी त्यासाठी. हे म्हनत, तथी सडते. मंग टाकली एकदाची. कशी आली इचारलं, तं म्हने, बरी आली.”

“पानावर तेच आहे, ‘बरी आली’. पण त्याच दुपारची आधीची प्रत ऐक : ‘विहिरीजवळच्या वाफ्यात मेथी एक नंबर आली. हिचं बरोबर होतं.’ दहा मिनिटांनी ‘हिचं बरोबर होतं’ खोडलं. आणखी पाच मिनिटांनी ‘एक नंबर’चं ‘बरी’ केलं.”

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की धुऱ्यावर बसावं लागलं. “दहा मिन्टं! दहा मिन्टं होती मी बरोबर! अन् मले सांगतलं नाही त्या मानसानं!” हसता हसता तिचे डोळे भरले, माझेही. पण हसणं थांबलं नाही.

त्याच दिवशी तिनं विहिरीजवळच्या वाफ्यात मेथीचं बी फेकलं. मी धुऱ्यावर फोन घेऊन बसले. फोटो आता पानाच्या तळाशी लावला होता; आधार कार्डावरचा नाही, बांधावर उभा असलेला. सगळ्यात वर तारीख घातली आणि विचारलं, “काय लिहू?”

“लिव्हा, विहिरीपाशी मेथी टाकली.” ती हातानं माती सारखी करत म्हणाली. “अन् त्याच्याखाली यायचं ते वाक्य टाका. मिटवलेलं. जसंच्या तसं.”

मी लिहिलं, निळ्या बटणावर बोट नेलं आणि थांबले.

“काहून थांबल्या? आता पुसत तं नाही न काही?”

“नाही,” मी म्हटलं, आणि दाबलं.