दोन्ही बाजूंना सारखाच पुरवठा

शोभाआत्या गेल्याचा फोन जळगावला आमच्या शेजाऱ्यांकडे आला. आम्ही धुळ्याला देवपुरात पोचलो तोवर तिला नेलंही होतं… विहारातल्या शोकसभेत माझे मोठे काका, ज्यांना सगळे नाना म्हणतात, उभे राहिले. म्हणाले, "माझ्या ॲम्प्लिफायरवर तिचा फार जीव. रोज पुसायची." लोकांनी माना डोलावल्या. पुसायची! अंगाची जी आग झाली, ती अजून विझलेली नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

तो ॲम्प्लिफायर आत्याने बनवला. नानांच्या डिप्लोमाच्या पुस्तकांवरून शिकून, दुपारी ओटा आवरल्यावर, कथलाचा एकेक डाग स्वतः देऊन. आवाज एका खोलीपुरताच, पण डावा-उजवा वेगळा. प्लायवूडच्या खोक्यावर नाव मात्र नानांचं, पेंटरकडून रंगवून घेतलेलं.

मी शाळेत होते, सुट्टीत धुळ्याला आले होते तेव्हाची गोष्ट. बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी डावी बाजू मुकी झाली. नानांनी ट्रान्झिस्टर बदलला, पुन्हा बदलला, "हल्ली मालच खोटा येतो" म्हणत दुकानदाराला शिव्या घातल्या. आत्याने टेपकडून येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल केली. मुकी बाजू मुकीच राहिली. म्हणजे टेप ठीक, दोष खोक्यात. मग तिने मीटर उजव्या बाजूला लावला. मी म्हटलं, "आत्या, बिघाड तर डावीकडे आहे ना?"

"चांगली बाजूले इचार पोरी, ती बठ्ठं सांगस."

चांगल्या बाजूने खरंच सगळं सांगितलं. बारा व्होल्टचा पुरवठा दोन्हीकडे पोचत होता. उजवीकडच्या ट्रान्झिस्टरच्या जोडीत मधोमध सहा व्होल्ट, बरोबर निम्मे; डावीकडे जवळजवळ बारा. तिथून माग काढत ती एका रेझिस्टरवर थांबली. आवाज वाढावा म्हणून नानांनी तो परस्पर बदलला होता, आणि लाल पट्ट्याऐवजी नारिंगी पट्ट्याचा, दहापट मोठा, बसवला होता.

"बल्बना उजेडमा लाल नि नारिंगी पट्टा एकच दिखस, नाना," ती हसली.

"तेच सांगणार होतो मी," नाना म्हणाले.

रेझिस्टर बदलून तिने डावीकडच्या तारेला बोट लावलं. डावा स्पीकर घुमला, घुंऽऽ… "बोलनी!" ती ओरडली. दुसऱ्या दिवशी विहाराच्या खोलीत तो वाजला, टाळ्या नानांना.

एकच घर, एकच आईबाप. मॅट्रिकला आत्याचे गुण नानांपेक्षा जास्त. तरी ते जळगावला पॉलिटेक्निकला गेले आणि ती चुलीपाशी राहिली. ज्या विहारात दर वर्षी शिक्षणावर भाषणं होतात, तिथल्याच पहिल्या रांगेतल्या माणसांनी हे ठरवलं. तिच्या हातात कुठला दोष सापडला होता त्यांना? कोणती बाजू तपासली होती?

मोठ्या काकूंनी तो ॲम्प्लिफायर मला दिला. दोन्ही बाजू वाजतात. माझ्या खोलीत मी तो पाठ पुढे करून ठेवलाय, मागची फळी काढून. नाव भिंतीकडे, येणाऱ्याला दिसतात ते आत्याचे डाग, बारीक, गोल, चकचकीत. परवा नाना आले होते. वाकून त्यांनी भिंतीकडची बाजू बघितली.

"उलटा का ठेवलाय गं?"

"सुलटाच आहे, नाना," मी म्हटलं.