बाई काटोलला गेल्या तेव्हा

अंगणातलं संत्र्याचं झाड यंदा पहिल्यांदाच फुललं आहे. दार उघडलं, की तो गोडसर, किंचित कडवट वास अंगावर येतो आणि मला माझ्या बाई आठवतात.

बाई नागपुरात संगणकीय जीवशास्त्र शिकवत. हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या वडिलांची ही लेक परदेशात शिकली, आणि तिकडची नोकरी सोडून परतली ती संत्र्यांसाठी. बागा वाळवणाऱ्या रोगापुढे कोणतं झाड तग धरतं, ते त्या जनुकांच्या लांबलचक अक्षरमाळांत शोधत. सगळं काम संगणकावर. तरी विचारात गढल्या, की संत्र्याचं एखादं पान चुरगाळून हुंगत बसायच्या.

कित्येक वर्षांनी तसं एक झाड सापडलं. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं, काटोलचे बागायतदार त्या झाडाची कलमं बांधायच्या तयारीला लागले. मी तेव्हा त्यांची विद्यार्थिनी. तीच आकडेमोड पुन्हा करताना माझं उत्तर वेगळंच येई. शेवटी उमगलं, दोन झाडांच्या नमुन्यांची नावं उलटसुलट पडली होती. ती नीट लावली, की कोणतंच झाड रोगापुढे टिकणारं ठरत नव्हतं. बाईंना ते सांगताना मला रडूच फुटलं. वर्गात कायम पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"काहून रडून राहिली वं? नावं मीच लावली होती. तुले दिसलं, हे बरं झालं."

त्यांनी निबंध मागे घेतला. काटोलला नुसता निरोप धाडूनही भागलं असतं. पण मला घेऊन त्या स्वतः गेल्या. जमलेल्या बागायतदारांपुढे हात जोडून म्हणाल्या, "माझं चुकलं. ती कलमं लावू नका."

मग एका तरुणानं चिडून विचारलं, "मंग आता आम्ही लावाव तं काय लावाव?"

"आज मले नाही सांगता येत."

मागून एक म्हातारे बागायतदार उठले. "बसा बाई, चहा घ्या. झाडं मोठी झाल्यावर समजलं असतं तं काय केलं असतं आम्ही? सांगाले आल्या, हेच लय झालं."

बाईंची बढती त्यानंतर बरीच रखडली. त्यांनी काम पुन्हा पहिल्यापासून मांडलं. निवृत्त होईपर्यंत वाट थोडी उजळली, पुढची आता इतर चालताहेत. शास्त्रात माणसाचं नाव फार काळ टिकत नाही, आणि त्याचं बाईंना कधी वाईट वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशीची परतीची बस विसरता येत नाही. हातचं सगळं गमावून आलेल्या बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून, लहान मुलीसारख्या गाढ झोपल्या होत्या.