नकली मशीनचा आवाज

आमच्या घरी व्हिडिओ गेम खेळते ती माय. आमच्या वडसा गावात कुणाला सांगितलं तर हसतात. हसोत बापडे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कंबर धरून ती घरी आली की चहाच्या आधी तिला तिचा डोंग्याचा, म्हणजे छोट्या नावेचा, गेम लागतो.

गेमचं मशीन वरोऱ्याच्या बाजारातलं, तेही नकली. कंपनीचं खरं मशीन आम्ही डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. ते नकली बंद पडलं तेव्हा मी एम्युलेटर लिहायला घेतला. म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. तो पहिल्यांदा चालवला तर माय म्हणाली, "हा तो आवाज नाई. आपल्या डोंग्याचा आवाज नाकातून येते."

झटून झटून मी तो नाकातला आवाज आणला आणि प्रोग्राम इंटरनेटवर फुकट ठेवला. मग लोक कळवायला लागले की बाबा, तुझा आवाज चुकलाय, खऱ्या मशीनचा असा नसतो. मला काय माहीत? आम्ही नकलीवरच वाढलो. दुरुस्त करता आला असता, पण मायसाठी तसाच ठेवला.

पुढे कंपनीच्या वकिलाचा मेल आला. प्रोग्राम काढा, सगळ्या प्रती पुसा, पुसल्याचं सही करून लिहून द्या. माझ्यासारखंच काम करणारे दूरदेशीचे दोस्त एकेक करून गप्प झाले. सरळ सांगतो, मी घाबरलो. सही केली, सगळं पुसलं. मायच्या लॅपटॉपमधलं तेवढं राहू दिलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच कंपनीनं ते जुने गेम नव्यानं विकायला काढले. अगदी अस्सल, म्हणे. मी विकत घेतले आणि डोंग्याचा लावला. माय भाजी निवडत होती. डोंगा सुटला आणि तिनं मान वर केली.

"हा तं आपलाच आवाज हाय."

नाकातलाच. माझा प्रोग्राम उचलला होता, माझ्या चुकीसकट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोर तो चोर, वर शिरजोर.

"मंग सांग ना त्याहिले," माय म्हणाली.

"सही करून बसलो ना, माय."

थोड्या दिवसांनी कंपनीचा पुन्हा मेल आला. या वेळी वकिलाचा नाही, एका इंजिनिअरचा, आणि बोलणं साखरेसारखं. गिऱ्हाइकं आवाजाची तक्रार करताहेत, तुम्हाला यातलं कळतं असं ऐकलं. शेवटी एक ओळ: मूळ प्रोग्राम तुमच्याकडे अजून आहे का?

ती ओळ मी पुन्हा वाचली. तो माणूस खरंच मदत मागत असेल, नाहीतर वकील त्याच्या शेजारीच बसला असेल. हो म्हटलं तर माझी सही खोटी ठरते आणि मायचा डोंगाही जातो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर ते, आणि चांदणं माझ्या मनात.

मी "नाही" लिहिलं आणि पाठवलं. मागे मायचा गेम चालू होता, नाकातल्या आवाजात.

"माय, आवाज कमी कर."

आमच्या घरात हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं वळून पाहिलं.

"काऊन? आयकून राह्यले का ते?"

 उठलो आणि मीच आवाज बंद केला. तो मुका डोंगा तिनं गेममधल्या पुलापर्यंत नेला, मग लॅपटॉप मिटून ठेवला. तेव्हापासून तिनं तो उघडलेला नाही.